खदान आणि क्रशरची हरित पुरवठा साखळी: आधी टनाचा हिशेब, मग झाडं

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगाव-भुसावळ पट्ट्यात काळ्या दगडाची खदान आहे, जोडीला ताशी १५० टन क्षमतेचा क्रशर. महामार्गाचं काम करणाऱ्या एका मोठ्या कंपनीने गिट्टी घेण्याआधी ‘हरित पुरवठा साखळी’चा आठ पानी फॉर्म पाठवला आहे. मालकांनी कुंपणाला ३०० झाडं लावली आहेत आणि पाण्याचे फवारे बसवले आहेत. आता आणखी काय करायचं, आणि त्यातलं आपल्या खान्देशात परवडणारं काय?

भाऊ, आधी हा फॉर्म कुठून आला ते बघा. सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. २०२३ मध्ये त्यांच्या पुरवठादारांची माहितीही त्यात आणायचं ठरलं. पुरवठादारांच्या भागाच्या मुदती पुढे सरकल्या, सक्ती सैल झाली, पण कंपन्यांनी माहिती मागणं थांबवलेलं नाही. त्यांना तुमच्याकडून एका टन गिट्टीमागे डिझेल किती, वीज किती, पाणी किती, वाया गेलेला माल किती हे आकडे हवे आहेत. झाडांचे फोटो त्या रकान्यांत बसत नाहीत. म्हणून सुरुवात वजनकाट्यापासून करा.

आपल्याकडे माल ब्रासवर विकला जातो आणि घोळ तिथेच सुरू होतो. ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. २० एमएम गिट्टी साधारण ४.२ ते ४.३ टन भरते, डस्ट, म्हणजे क्रशरमधून निघणारा बारीक चुरा, ओली-सुकी पाहून ४.७ ते ४.९ टन. एकच गुणक सगळ्या मालाला लावला तर वर्षाअखेरीस हजारो टनांचा फरक पडतो, आणि खदानीतून निघालेला दगड व विकलेला माल यांचा मेळ बसत नाही. घरच्या घरी मोजायचं असेल तर १ मीटर बाय १ मीटर बाय १ मीटरची लोखंडी पेटी करा, प्रत्येक मापाचा माल भरा, काट्यावर घ्या. महिन्यातून एकदा आणि पावसाळ्यात दोनदा.

आता टनामागचा हिशेब मांडू. क्षमता १५० असली तरी प्रत्यक्षात सरासरी १०० टन निघतो असं धरा. दिवसाला ८ तास, वर्षाला २५० दिवस, म्हणजे २ लाख टन. ड्रिलिंगचा कॉम्प्रेसर, पोकलेन, ब्रेकर आणि आतले डंपर मिळून टनामागे ०.८ ते १ लिटर डिझेल जातं. जॉ आणि कोन ही दगड फोडणारी यंत्रं आणि चाळण्या मिळून सुमारे अडीच युनिट वीज लागते. एक लिटर डिझेल जळलं की २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, एक युनिट विजेमागे साधारण ०.७ किलो. म्हणजे खदानीतलं डिझेल २.४ किलो आणि वीज पावणेदोन किलो. आता माल ४० किलोमीटरवर पोचवा. १२ टायरचा हायवा, २४ टन माल, जाऊन-येऊन ८० किलोमीटर, सरासरी लिटरला ३ किलोमीटर, म्हणजे खेपेला २७ लिटर आणि टनामागे १.१ लिटर. हे झाले ३ किलो. एकूण सव्वासातच्या आसपास बेरजेत एकटी वाहतूक ४० टक्के आहे, आणि ती बऱ्याच मालकांच्या हिशेबात येतच नाही, कारण गाडी भाड्याची असते.

म्हणून पहिला पैसा वाहतुकीत घाला, तो सगळ्यांत लवकर परत येतो. काट्यावरची रांग बघा: दिवसाच्या ३० गाड्या प्रत्येकी अर्धा तास इंजिन चालू ठेवून उभ्या राहिल्या तर १५ तास झाले, तासाला २ लिटर धरले तरी ३० लिटर धुरात. महाखनिजवरचा (सरकारच्या गौण खनिजाच्या ऑनलाइन प्रणालीवरचा) वाहतूक पास गाडी काट्यावर यायच्या आधी तयार ठेवला, वेळा वाटून दिल्या, तर रांग मोडते. टायरमधली हवा दर सोमवारी तपासा. ओव्हरलोड करू नका. टनामागचं डिझेल कागदावर कमी दिसतं, पण टायर, पाटे आणि गावचा रस्ता त्याची किंमत देतात, आणि गावचा रस्ता एकदा उखडला की त्यावरून उडणारी धूळ तुमच्याच नावावर जमा होते. ताडपत्री मागच्या फळीपर्यंत पूर्ण बांधा. नुसती वर टाकलेली ताडपत्री हायवेवर फडफडते आणि बारीक कच मागच्या मोटरसायकलवाल्याच्या डोळ्यांत जाते.

परतीच्या रिकाम्या खेपेत काय आणता येईल? इथे भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्राची राख आठवते. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतल्या रस्ते आणि बांधकामांवर राख वापरण्याचं बंधन आहे, आणि बहुतेक सगळा खान्देश त्या अंतरात येतो. तुमची गाडी गिट्टी घेऊन भुसावळकडे जात असेल तर परतीला ओलसर तळ्याची राख घेऊन वाटेतल्या वीटभट्टीला किंवा भरावाच्या कामाला देता येते. हौद्याच्या फटी रबराने बंद हव्यात, राखेत ओल हवी आणि ताडपत्री घट्ट हवी. पण ही राख स्वतःच्या जुन्या खड्ड्यात गुपचूप ओतायचा विचार मनात आणू नका. आपला बेसॉल्ट वरून अखंड दिसतो, आत भेगा आणि सांधे असतात, आणि राखेतून झिरपलेलं पाणी शेजारच्या विहिरीत निघू शकतं. खड्डा राखेने भरायचा असेल तर प्रदूषण मंडळाची परवानगी, भूजलाचा अभ्यास आणि तळाला अस्तर या तिन्ही गोष्टी आधी.

यानंतर डस्ट, आणि मला इथे जास्त वेळ द्यायचा आहे, कारण खान्देशातल्या बहुतेक क्रशरचा खरा तोटा इथेच साठलेला असतो. जॉ आणि कोनमधून गेलेल्या दगडापैकी १५ ते २० टक्के भाग ४.७५ एमएमच्या खाली उतरतो. २ लाख टनांवर हे ३० ते ४० हजार टन झाले. तेवढ्या मालासाठी तुम्ही ड्रिलिंग केलं, सुरुंग लावला, डिझेल आणि वीज जाळली, रॉयल्टी भरली, आणि तो ढीग उन्हाळ्यातल्या पश्चिमेच्या वाऱ्याने शेजारच्या केळीच्या पानांवर आणि कपाशीवर जाऊन बसतो. दुसरीकडे गिरणा आणि तापीच्या पात्रातली वाळू उपसली जाते. वाळूचा थर म्हणजे पुराचं पाणी जिरवून काठच्या विहिरींना देणारा साठा, तो गेला की पूर नुसता वाहून जातो. राज्याने २०२५ मध्ये कृत्रिम वाळूचं धोरण आणलं आहे, सरकारी कामांतही ती मागितली जाते. तेव्हा डस्टची वाळू करणं हाच तुमच्या फॉर्ममधला सगळ्यांत भक्कम मुद्दा ठरेल.

पण डस्ट चाळली की वाळू झाली, असं समजू नका. तीन अडचणी येतात.

पहिली अडचण कणांच्या आकाराची. जॉ-कोनच्या डस्टमधले कण चपटे आणि सुईसारखे असतात, काँक्रीट खरखरीत होतं आणि पाणी जास्त मागतं. त्यासाठी व्हीएसआय (उभ्या दांड्याचा इम्पॅक्ट क्रशर) लागतो, जो दगडावर दगड आपटून कडा गोल करतो. वाळूच्या टनामागे दीड-दोन युनिट वीज वाढते.

दुसरी अडचण बारीक भुकटीची. आयएस ३८३ या वाळू-गिट्टीच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत क्रश केलेल्या वाळूत ७५ मायक्रॉनखालचा भाग १५ टक्क्यांपर्यंत चालतो, नैसर्गिक वाळूला ही मर्यादा ३ टक्के आहे. व्हीएसआयनंतर हा भाग सहज १५ च्या वर जातो. पुण्या-मुंबईकडे तो धुऊन काढतात. आपल्याकडे ६००-७०० मिलिमीटर पावसाच्या मुलखात वाळू धुण्याचा प्लांट लावायचा असेल तर थिकनर आणि फिल्टर प्रेससह पाणी फिरवणाराच लावा, नाहीतर गाळाचं तळं आणि आटलेली बोअर हाती राहते. माझं स्पष्ट मत, खान्देशात हवेवर चालणारं क्लासिफायर, म्हणजे हवेच्या झोताने भुकटी वेगळी करणारं यंत्र, बरं. पाणी लागत नाही आणि निघालेली भुकटी कोरडी राहते. ती डांबराच्या हॉट मिक्स प्लांटला फिलर म्हणून जाऊ शकते, फक्त तिचा ८५ टक्क्यांहून जास्त भाग ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेला पाहिजे.

तिसरी अडचण सगळ्यांत फसवी आहे, माती. बेसॉल्ट कुजला की काळी माती होते आणि तिच्यातली चिकणमाती पाण्याने फुगते. मुरमाचा पट्टा दगडाबरोबर जॉमध्ये गेला की भुकटीचं प्रमाण १० टक्केच दिसतं, पण त्यात दगडाची भुकटी किती आणि चिकणमाती किती हे चाळणी सांगत नाही. त्यासाठी चिकणमाती ओळखणारी मिथिलीन ब्ल्यू चाचणी करून घ्या. माती जास्त निघाली तर दोष व्हीएसआयचा नसतो, खदानीच्या तोंडावरचा असतो. जॉच्या आधी ग्रिझली (जाड सळ्यांची चाळण) बसवा, ४०-५० एमएमखालचा माल मुरूम म्हणून वेगळा काढा, आणि पावसाळ्यात चाळणीची भोकं चिकटून बंद होतात म्हणून ती रोज खरवडायला लावा.

याच संदर्भात दगडाची निवड. आपल्या खदानींत टणक काळ्या पाषाणाच्या मध्ये मांजऱ्या खडकाचे आणि लाल गेरूचे थर येतात. जळगाव जिल्ह्यातले झिओलाईटचे स्फटिक संग्राहकांना प्रिय आहेत, पण गिट्टीत ते नकोत: मऊ असतात, आणि पोकळ्यांत गारगोटीसारखी कॅल्सेडनी असेल तर ती सिमेंटमधल्या अल्कलीशी क्रिया करून काँक्रीट फोडू शकते. असा दगड आतल्या रस्त्याला आणि भरावाला वापरा, काँक्रीटच्या गिट्टीत मिसळू नका. मिसळलेला एक डंपर नापास झाला की अख्खी खेप ८० किलोमीटर फिरून परत येते.

सुरुंगाबद्दल. चांगला ब्लास्ट म्हणजे कमी आवाज तर आहेच, शिवाय ब्रेकरचं काम कमी. २० टनी पोकलेनला ब्रेकर लावला की तासाला १४ ते १८ लिटर डिझेल जातं, आणि ते फक्त मोठे डबर फोडायला. ६ मीटरच्या बेंचला (खदानीतल्या पायरीला) १०० एमएमचं भोक, तोंडापासून अडीच मीटर आणि दोन भोकांत ३ मीटर अंतर ठेवलं तर एका भोकामागे ४५ घनमीटर म्हणजे सव्वाशे टन दगड सुटतो. त्याला २० ते २५ किलो स्फोटक पुरतं. वरचा सुमारे अडीच मीटर भाग ६ ते १० एमएमच्या कचेने भरा. भोकातूनच निघालेली भुकटी परत भरली तर ती बंदुकीतल्या बोळ्यासारखी उडते, दगड फेकला जातो आणि खालचा पाया फुटत नाही. प्रत्येक भोकाला वेगळा डिले द्या, म्हणजे सगळी भोकं एकाच क्षणी फुटणार नाहीत. जवळच्या घरांपाशी कंप मोजा. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या निकषांत मालकाच्या ताब्यात नसलेल्या साध्या घरांसाठी, ८ हर्ट्झखालच्या कंपाला, सेकंदाला ५ एमएम ही मर्यादा आहे.

ओल्या भोकात अँफो (अमोनियम नायट्रेट आणि डिझेलचं स्फोटक) घालू नका. अमोनियम नायट्रेट पाण्यात विरघळतं, निम्मं स्फोटक पेट घेत नाही, नारिंगी धूर निघतो आणि राहिलेलं नायट्रेट भेगांतून विहिरीत उतरतं. पावसाळ्यात आणि झिरप असलेल्या बेंचवर स्लरी किंवा इमल्शनची कांडीच वापरा.

धुळीसाठी तुम्ही फवारे बसवलेत, पण कुठे आणि किती ते महत्त्वाचं. कायद्यातला निकष क्रशरपासून ४० मीटरवर हवेतल्या धुळीत तुमची भर घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या आत असावी असा आहे. पत्र्याने झाकणं, वारा अडवणाऱ्या भिंती, आतले पक्के रस्ते, जमीन ओली आणि साफ ठेवणं, हरित पट्टा या गोष्टी त्याच निकषाचा भाग आहेत. झाकणं आधी, पाणी नंतर. जॉचं तोंड, कोनची खालची बाजू आणि चाळणीवरून पट्ट्यावर माल पडतो त्या जागा पत्र्याने बंद करा, बाजूला रबराची झालर लावा. मग मालाच्या वजनाच्या १ टक्का पाणी पुरतं, म्हणजे ताशी १००० लिटर. दीड टक्क्याच्या वर गेलात की बारीक चाळण्या चिकटतात, माणसं पाणीच बंद करून टाकतात आणि धूळ पहिल्यासारखी. बोअरच्या जड पाण्याने नोझल महिनाभरात क्षाराने बुजतात. आधी १०० मेशची जाळी बसवा आणि नोझल दर आठवड्याला हलक्या आम्लात बुडवून साफ करा. व्हीएसआयवर पाणी चालत नाही, तिथे बॅग फिल्टर हवा. नळीतला हवेचा वेग सेकंदाला १८ ते २० मीटर ठेवा, कमी पडला तर धूळ नळीतच बसते. फिल्टरची भुकटी बंद टाकीत उतरवा. ती उघड्यावर ओतली की दिवसभर पकडलेली धूळ संध्याकाळी एकदम सुटते. चाळणी बदलताना काढलेला पत्रा परत न लावणं ही सगळ्यांत नेहमीची चूक आहे. पत्र्यांना बोल्टऐवजी कडी लावा, म्हणजे लावायचा कंटाळा येत नाही.

पाणी कुठून आणायचं, हा मे महिन्यातला खरा प्रश्न. यंत्रांना दिवसाला ८ हजार लिटर. ५०० मीटर लांब, ६ मीटर रुंद रस्त्याला चौरस मीटरमागे अर्धा लिटर, म्हणजे एका वेळी दीड हजार, आणि भुसावळच्या ४५ अंशांत दिवसातून सहा वेळा, म्हणजे ९ हजार. मिळून १७ हजार, आणि २०० कोरड्या दिवसांना ३४ लाख लिटर. एक हेक्टरच्या खड्ड्यावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला ४५ टक्के जमला तर सुमारे साडेएकतीस लाख लिटर हाती येतात. म्हणजे खदानीचं पाणी खदानीला जवळपास पुरतं, जर ते उन्हाने उडालं नाही तर. पसरट तळं ठेवू नका. एका कोपऱ्यात लहान तोंडाचा, ६ ते ७ मीटर खोल हौद काढा. रस्त्यावर खडीकरण करून ताशी २० किलोमीटरची मर्यादा पाळली तर पाण्याची गरज निम्मी होते. क्षारांचे धूळरोधक केळीच्या बागांजवळ वापरू नका, मुळांना मीठ सोसत नाही.

धुळे, साक्री, नंदुरबारकडच्या खदानवाल्यांना एक वेगळी सूचना. तिकडे जमिनीत उभ्या काळ्या भिंतींसारखे डाइक आहेत आणि त्यांचा दगड उत्तम म्हणून त्यावरच खदान सुरू होते. पण कित्येक ठिकाणी डाइक म्हणजे जमिनीखालचा बांध असतो, त्याच्या वरच्या बाजूच्या विहिरींना त्यामुळे पाणी टिकतं. तो आरपार कापला की पाणी दुसऱ्या बाजूला उतरतं आणि गावाचा राग रास्त असतो. लीज घेण्याआधी दोन्ही बाजूंच्या विहिरींची मे आणि नोव्हेंबरमधली पातळी मोजा. फरक मोठा असेल तर तिथे खोल जाऊ नका.

वीज, तेल आणि सुटे भाग पटकन सांगतो. २ लाख टनांना ५ लाख युनिट लागतात. खान्देशात १ किलोवॅट सोलर वर्षाला सुमारे १४०० युनिट देतो, म्हणजे ३५० किलोवॅटमध्ये वर्षाची बेरीज जुळते. पॅनल क्रशरच्या पश्चिमेला ठेवा, नाहीतर धूळ तिथेच बसेल. रिकामे फिरणारे पट्टे बंद करायला साधा इंटरलॉक पुरतो. जळकं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं, ते अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यालाच पावतीवर द्या. साच्याला लावायला किंवा भट्टीला जाळायला देऊ नका. मँगनीज पोलादाच्या जॉ प्लेटा अर्ध्या झिजल्यावर उलट्या करा आणि झिजलेल्या फाउंड्रीला परत द्या, नवीन घेताना भंगाराचं वजन वळतं करून घ्या.

फॉर्ममधला मजुरांचा भाग कोरा सोडू नका. खदानीवर सातपुड्यातून पावरा आणि भिल्ल कुटुंबं येतात, बहुतेकदा ठेकेदाराच्या उचलीवर. उचल फिटेपर्यंत माणूस बांधलेला राहणं हा १९७६ च्या कायद्याने गुन्हा आहे, मग उचल ठेकेदाराने दिलेली का असेना. मजुरी थेट खात्यात, हजेरीपत्रक तुमच्याकडे, प्यायचं पाणी आणि संडास राहत्या जागी, मुलं शाळेत. ड्रिलवाल्याला ओलं ड्रिलिंग किंवा धूळ ओढणारं यंत्र द्या. बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ कमी असतं म्हणून छातीची तपासणी टाळू नका, कॅल्सेडनीच्या पट्ट्यात सिलिका भरपूर असते.

आता फॉर्म. त्यातले बरेच आकडे तुम्ही आधीच कुठे ना कुठे देता. २७ फेब्रुवारी २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गौण खनिजाच्या लहान लीजलाही पर्यावरण मंजुरी लागते आणि तिचा सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला जातो. वार्षिक पर्यावरण विवरण ३० सप्टेंबरला. या तीन कागदांत, महाखनिजवरच्या पासांत आणि वीजबिलात वेगवेगळे आकडे असतील तर कंपनीचा माणूस पहिल्या तासात पकडतो. म्हणून एकच वही ठेवा: रोजचं डिझेल यंत्रानुसार, मीटरचं रीडिंग, टँकर, काट्याचं वजन, भोकं आणि स्फोटक. तीन महिने ही वही भरली की त्यातली सरासरी लिहा आणि खाली ‘तीन महिन्यांची मोजणी’ असं नमूद करा. जे मोजलेलं नाही त्या रकान्यात ‘मोजणी सुरू केल्याची तारीख’ लिहा, अंदाज लिहू नका.

झाडांचंही सांगतो, कारण तुम्ही ती मनापासून लावली आहेत. यापुढची झाडं कुंपणाला एका रांगेत न लावता क्रशरच्या पूर्वेला, वारा जातो त्या दिशेला, तीन रांगांत आडवीतिडवी लावा: आत कडुनिंब, मध्ये करंज, बाहेर बोर आणि सीताफळ. काळी माती काढताना ती वेगळी, २ ते ३ मीटरपेक्षा कमी उंचीच्या ढिगात ठेवली असेल तर खड्ड्यांना तीच भरा. मुरमात लावलेलं रोप दुसऱ्या उन्हाळ्यात जळतं.